पदराची खूणगाठ : दोन ओळींच्या कवितेतील प्रतिमा

मेहकरहून जालन्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, सिंदखेडराजाच्या अलीकडे, दुसरबीड हे गाव लागते. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातले, काळ्या जमिनीचे हे गाव. तेथे एका परिचित कुटुंबात आमचा मुक्काम होता. सकाळी घरातल्या वृद्ध आजी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांच्या लुगड्याच्या पदराला एक लहानशी गाठ होती. शाळेला निघालेल्या नातीने ती गाठ हातात धरून विचारले, "आजी, काय बांधलं वं यात?"

आजी हसल्या. "यात काय असते माय! काहीच नाही. गाठ पाह्यली की ध्यानात येते."

नात शाळेत गेली. आमच्या मनात मात्र ते वाक्य घर करून राहिले. काव्यातील प्रतिमा म्हणजे काय, हे सांगण्यासाठी साहित्यशास्त्राने केवढे तरी ग्रंथ लिहिले आहेत. या आजींनी ते दोन वाक्यांत सांगून टाकले होते. गाठीत काही साठवलेले नसते. ती डोळ्यांस दिसणारी एक खूण असते आणि तिचा अर्थ जिने ती बांधली तिच्या मनात असतो. कवितेत तेवढाच एक फरक पडतो. गाठ एक जण बांधतो आणि आठवण दुसऱ्याला येते. ते कसे घडते, आणि आपल्या मराठी मुलखात ते किती काळापासून घडत आले आहे, याचा थोडा मागोवा घ्यावा म्हणून हा लेख.

योगायोग असा, की 'खूणगाठ' हा शब्द याच सिंदखेडराजा तालुक्यातल्या एका कवीने मराठी साहित्यात कायमचा नोंदवून ठेवला आहे. कवी ना. घ. देशपांडे यांचा जन्म १९०९ साली या तालुक्यातील सेंदुरजन या गावी झाला. मेहकरला वकिली करीत त्यांनी आयुष्य काढले आणि २००० साली ते निवर्तले. त्यांचे 'शीळ' हे गीत गायक जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे १९३० च्या दशकात घरोघरी पोचले. त्याच नावाचा कवितासंग्रह १९५४ साली निघाला. पुढे 'खूणगाठी' या संग्रहासाठी १९८६ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. दोन्ही नावे पाहावीत. शीळ म्हणजे एक आवाज, खूणगाठ म्हणजे एक वस्तू. प्रेम, विरह, आठवण हे शब्द कवीने मुखपृष्ठावर येऊ दिलेले नाहीत. कानाला ऐकू येणारी आणि हाताला लागणारी गोष्ट त्याने पुढे ठेवली आणि भाव वाचकाच्या स्वाधीन केला. हीच रीत लघुकवितेत अधिक कसोशीने पाळावी लागते, कारण तेथे समजावून सांगायला जागाच नसते.

मराठीत लघुकविता म्हटली की आज पुष्कळांना जपानी हायकू आठवतो, नाही तर चारोळी. ही रोपे अलीकडे लागली. मूळ जमीन फार जुनी आहे. दुसरबीडहून पश्चिमेला जालना ओलांडले की पुढे गोदावरीकाठी पैठण आहे, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. त्या घराण्यातील हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतातील सातशे गाथांचा संग्रह चालत आला आहे. परंपरा हालास इसवी सनाच्या पहिल्या शतकात ठेवते. संग्रहात पुढील काही शतकांची भर पडत गेली असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. कोटी गाथांतून सातशे निवडल्या, असे तो संग्रह स्वतःच सांगतो. प्रत्येक गाथा दोन ओळींची. त्यांत राजवाडे जवळजवळ नाहीत. शेते आहेत, कुंपणे आहेत, पाऊस आहे, वाटसरू आहेत, गोदेचा काठ आहे. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली हा संग्रह विस्तृत प्रस्तावनेसह मराठी वाचकांच्या हाती दिला, तेव्हा या मुलखाच्या लोकजीवनाचा केवढा जुना दस्तऐवज आपल्यापाशी आहे हे अनेकांना प्रथमच उमगले.

या गाथांचे महत्त्व काश्मीरच्या आनंदवर्धनाने ओळखले. नवव्या शतकातील त्याच्या 'ध्वन्यालोक' या ग्रंथात प्राकृत गाथा उदाहरणादाखल येतात. त्यांतली एक तर साहित्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. गोदेकाठच्या झाडीत फुले वेचायला येणाऱ्या एका धर्मशील माणसाला एक स्त्री सांगते की आता खुशाल फिरा, ज्या कुत्र्याची तुम्हांला भीती वाटत होती त्याला या झाडीतल्या सिंहाने मारून टाकले आहे. शब्द 'या' म्हणत आहेत आणि अर्थ 'येऊ नका' असा आहे. तिला ते ठिकाण निर्जन राहायला हवे आहे. सबंध गाथेत तिच्या मनाविषयी एक अक्षर नाही. कुत्रा, सिंह आणि काठ एवढ्या तीन वस्तू आहेत. त्या एका ओळीत आल्या की ऐकणाऱ्याच्या मनात चौथी गोष्ट उभी राहते. आनंदवर्धनाने या चौथ्या गोष्टीला 'ध्वनी' म्हटले. घंटेवर टोला पडल्यानंतर जो नाद मागे घुमत राहतो, त्याची उपमा शास्त्रकारांनी त्याला दिली. आपल्या चर्चची घंटा ज्यांनी शिवारातून ऐकली आहे, त्यांना ही उपमा निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या स्त्रीने वस्तूंच्या आडून बोलावे, याला कारण आहे. तिला उघड बोलता येत नाही. प्रतिमा तिच्यासाठी दागिना नव्हे, आडोसा आहे. लघुकवितेच्या इतिहासातील हा धागा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. तोच धरून आपण जात्यापाशी येऊ.

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ ११२९ सालचा. त्यात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी स्पष्ट नोंद आहे. याचा अर्थ, ज्ञानेश्वरांनी १२९० साली सुमारे नऊ हजार ओव्यांत गीतेवरची टीका सांगितली, त्याच्या दीडशे वर्षांहून अधिक आधी ओवी हे बायकांच्या कामाचे गाणे म्हणून राजदरबारापर्यंत माहीत झाले होते. ग्रंथातील ओवी साडेतीन चरणांची. पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड. जात्यावरची ओवी याहून मोकळी, बहुधा दोन ओळींची, अक्षरांचा हिशेब सुराच्या स्वाधीन करणारी.

ती इतकी लहान का, याचे उत्तर जात्यापाशी बसल्याखेरीज मिळत नाही. पहाटेचा अंधार असतो. खालची तळी स्थिर, वरची तळी मधल्या खिळ्यावर फिरणारी. दोघी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालतात. मोकळ्या हाताने मूठभर दाणे जात्याच्या तोंडात पडतात. फेरा फिरतो, दम लागतो, श्वास घेण्यापुरते थांबावे लागते. एका श्वासात जेवढे मावते तेवढीच ओळ. ज्वारी भरड निघू नये म्हणून फेरा एकसारखा राहावा लागतो, आणि सूर त्या फेऱ्याला धरून ठेवतो. कवितेचा आकार येथे कागदाने ठरवलेला नाही. छातीने आणि दंडाने ठरवलेला आहे.

आणि आशय? तो घराच्या रचनेने ठरवला. सासरी आलेल्या मुलीला दिवसभर बोलायची मुभा नसे. पहाटे जात्याच्या घरघरीखाली तिचा आवाज झाकला जाई. तिचे ऐकायला समोर जाऊ वा नणंद, आणि मध्ये दगड. म्हणून ती दगडाशी बोले. जात्याला देव, ईश्वर म्हणून हाक मारण्याची रीत जात्यावरच्या ओव्यांत सर्वत्र आढळते. गोदावरीकाठच्या गंगाखेडची संत जनाबाई तर या दळण्याकांडण्यालाच आपल्या भक्तीची मुख्य प्रतिमा करून गेली. विठ्ठल येऊन जात्याला हात लावतो, हे तिचे चित्र सहाशे-सातशे वर्षे टिकले. राबणाऱ्या एकट्या बाईला देवाची सोबत कशी हवी असते, ते त्या एका चित्रात सगळे आले म्हणून ते टिकले.

जात्यावरच्या ओवीतील प्रतिमा अर्थ कसा पोचवतात, हे पाहू लागलो की तीन रीती ध्यानात येतात.

पहिली रीत शेजारी ठेवण्याची. पुष्कळ ओव्यांत पहिली ओळ एखादी वस्तू दाखवते : वाट, विहीर, तुळस, आभाळातला चंद्र. दुसरी ओळ एखाद्या माणसाकडे वळते : भाऊ, आई, लेक. 'जसे' आणि 'तसे' हे शब्द मध्ये नसतात. दोन्ही ओळी जात्याच्या दोन तळ्यांसारख्या एकीवर एक येतात आणि अर्थाचे पीठ मधल्या जागेतून बाहेर पडते. विहीर आणि आई यांचे नाते काय, हे गाणारी सांगत नाही. ज्या ऐकणारीने उन्हाळ्यात आटलेल्या विहिरीच्या काठावर रिकामी घागर घेऊन उभे राहून पाहिले आहे, तिला सांगावे लागतही नाही.

दुसरी रीत काळाची खूण देण्याची. श्रावण, पंचमी, आखाजी, दिवाळी यांपैकी एक शब्द आला की त्यासोबत एक सबंध परिस्थिती येते. पंचमी म्हटले की माहेरचे बोलावणे आले किंवा आले नाही, भाऊ न्यायला आला किंवा आला नाही, हा प्रश्न उभा राहतो. सणाचे नाव येथे दिनदर्शिकेतील नोंद म्हणून येत नाही. वाट पाहणे हा त्याचा अर्थ असतो.

तिसरी रीत वगळण्याची. जे दुःख सर्वांत मोठे, त्याचे नाव घ्यायचे नाही. त्याच्या शेजारची वस्तू दाखवायची. रिता पाळणा, न उघडलेले दार, पडून राहिलेली बांगडी. अशा वेळी वस्तू जितकी साधी, तितका तिचा भार अधिक.

या तिन्ही रीतींत ऐकणाऱ्याकडे काम सोपवलेले असते. हे किती धाडसाचे आहे, ते याच परिसरात बोलल्या गेलेल्या एका दुसऱ्या वाङ्मयाशी तुलना केली की कळते. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी फिरत होते. लोणार आणि मेहकर ही दुसरबीडच्या आसपासची गावे त्यांच्या भ्रमणाशी जोडलेली आहेत. त्यांनी सांगितलेल्या छोट्या दृष्टान्तांचे संकलन केशिराज ऊर्फ केसोबास यांनी 'दृष्टान्तपाठ' या नावाने केले. त्यात ११४ दृष्टान्त आहेत. प्रत्येकाची रचना त्रिविध आहे : आधी सूत्र, मग दृष्टान्त म्हणजे लोकव्यवहारातले चित्र, आणि शेवटी दार्ष्टान्तिक म्हणजे त्या चित्राचा उलगडा. गुरूला शिष्य चुकू नये अशी काळजी असते, म्हणून तो चित्र दाखवून थांबत नाही. ओवी आणि गाथा यांनी मात्र सूत्र आणि दार्ष्टान्तिक दोन्ही सोडून दिले. राहिले ते चित्र.

शुभवर्तमान वाचणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही दोन्ही वळणे परिचित आहेत. पेरणाऱ्याचा दाखला प्रभू येशूने सांगितला आणि मागाहून शिष्यांना त्याचा अर्थही उलगडून दिला. मोहरीच्या दाण्याचा दाखला मात्र दाणा, झाड आणि पाखरे दाखवून संपतो. उलगडा नाही. तो दाणा दोन हजार वर्षे ऐकणाऱ्यांच्या मनात नव्याने रुजत राहिला, याचे श्रेय अंशतः त्या मौनाला द्यावे लागेल.

प्रतिमेचे हे बळ ओळखून आपल्या भाषेत काम करणारा एक ख्रिस्ती पूर्वज आहेच. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये १५४९ च्या सुमारास जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली निवर्तले. गोव्यातील नवख्रिस्ती मंडळींच्या कानांना पुराणश्रवणाची सवय होती, आणि नव्या धर्मात तसे ऐकायला काही नव्हते. त्यांच्यासाठी स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ लघुकाव्य नव्हे हे खरे. परंतु त्याचा घटक ओवी हाच आहे, आणि प्रत्येक ओवी आपल्यापुरती एक चित्र पुरे करते. मराठी भाषेच्या थोरवीचा त्यातला सुप्रसिद्ध भाग पाहावा. भाषेचे गुण सांगण्याऐवजी कवी फुलांमधले, सुगंधांमधले, पाखरांमधले, झाडांमधले जे श्रेष्ठ ते एकेक समोर ठेवत जातो. सातासमुद्रांपलीकडून आलेला माणूस येथल्या बागेतल्या वस्तूंनी बोलतो, तेव्हाच तो आपला होतो. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली आणि कॅरिडाड द्रागो यांनी १९९६ साली या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती संपादित केली. त्यामुळे आज कोणत्याही मराठी घरात तो वाचता येतो.

आता हायकूकडे वळू. जपानी हायकू सतरा ध्वनिमात्रांचा. पाच, सात आणि पाच अशी त्याची विभागणी. बाशो (१६४४-१६९४), बुसोन (१७१६-१७८४) आणि इस्सा (१७६३-१८२८) हे त्याचे थोर कवी. 'हायकू' हे नाव मागाहून, शिकी (१८६७-१९०२) या कवीने रूढ केले. त्याआधी त्याला 'होक्कू' म्हणत. होक्कू म्हणजे अनेक कवींनी मिळून रचलेल्या साखळीकवितेतली पहिली कडी. एकाने ती टाकायची आणि दुसऱ्याने पुढची जोडायची. हे वाचले तेव्हा आम्हांस जाते आठवले. तेथेही एकीने ओवी सोडायची आणि समोरचीने ती उचलून पुढची म्हणायची. ज्या कवितेची पुढची कडी दुसऱ्याने जोडायची असते, ती आपण होऊन सगळे बोलून टाकत नाही.

साम्य इथेच थांबत नाही. हायकूत ऋतू सुचवणारा एक शब्द असावा असा संकेत आहे. आपल्या ओवीत पंचमी आणि श्रावण तेच काम करतात. हायकूत दोन चित्रांच्या मध्ये एक तोड असते. आपल्या ओवीत दोन ओळींमध्ये 'जसे-तसे' नसते. भेदही तितकाच मोठा आहे. हायकूचा कवी बहुधा एकटा उभा राहून निसर्गाचा एक क्षण पाहतो आणि स्वतः बाजूला सरतो. ओवी गाणारी बाजूला सरू शकत नाही. तिच्या चंद्रामागे भाऊ असतो, तिच्या वाटेच्या टोकाला माहेर असते. एकात मौन निवडलेले आहे, दुसऱ्यात ते लादलेले आहे. लादलेल्या मौनातून इतकी सुंदर वाणी निघावी, याचा अभिमान वाटावा की खंत, हे आम्ही वाचकांवरच सोपवतो.

भारतात हायकूची ओळख रवींद्रनाथांनी लवकर करून दिली. १९१६ साली ते जपानला गेले आणि १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'जापान-यात्री' या प्रवासवर्णनात त्यांनी बाशोच्या रचना बंगालीत उतरवल्या. इतक्या थोड्या शब्दांवर थांबणाऱ्या या कवितेचे त्यांना विशेष अप्रूप वाटले. मराठीत हायकू रुजवण्याचे श्रेय शिरीष पै (१९२९-२०१७) यांचे. त्यांनी मात्रांचा हट्ट धरला नाही. तीन ओळी, बहुधा त्यांतल्या दोहोंना यमक, आणि एक पाहिलेला क्षण, असे मराठी कानाला मानवेल असे रूप त्यांनी त्याला दिले. १९९० च्या दशकात चंद्रशेखर गोखले यांच्या 'मी माझा'ने चारोळीला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. चार ओळी मुखोद्गत व्हायला सोप्या. महाविद्यालयांच्या भिंतींपासून लग्नपत्रिकांपर्यंत त्या पोचल्या. त्या लाटेत एक गफलतही झाली. लहान म्हणजे सोपे, असा समज पसरला आणि चित्राऐवजी चटकदार विधानाने शेवट करण्याची सवय अनेक हौशी कवींना लागली. विधान ऐकून माणूस मान डोलावतो आणि पुढे जातो. चित्र त्याच्यासोबत घरी येते.

शिरीष पै यांच्या घराण्यातील एक दुवा येथे सांगण्याजोगा आहे. त्यांचे वडील आचार्य अत्रे. दुसरबीडच्या या जिल्ह्याला लागून असलेल्या जळगावकडील असोदे गावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या रचत आणि गात. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि आप्तमंडळी यांनी त्यांतले काही टिपून ठेवले. बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर ते लिखाण अत्र्यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी आग्रह धरला आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. वडिलांनी घरच्या मातीतली अनामिक राहू पाहणारी वाणी उजेडात आणली, आणि लेकीने दूरदेशीचे रोप त्याच मातीत लावले. या घटनेत आमच्या दृष्टीने कळीची गोष्ट ती वही. ती नसती तर बहिणाबाई आपल्यालेखी झाल्याच नसत्या. अशा किती जणी वहीवाचून गेल्या असतील, त्याचा हिशेब कोण देणार?

तसे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. साने गुरुजींनी 'स्त्री-जीवन'मध्ये ओव्या संकलित केल्या. सरोजिनी बाबर आणि दुर्गा भागवत यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला आयुष्य दिले. १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या, त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' ही संस्था त्या सर्वांना ऐकता येतील अशा रीतीने प्रसिद्ध करीत आली आहे. एवढे मोठे स्त्रीकाव्य एका जागी जमणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

तरीही एक अडचण संग्रहाने सुटत नाही. ती आम्हांला दुसरबीडच्या त्या घरी दिसली.

दुपारी नात शाळेतून परतली. मागील दारी एक गोल दगड जमिनीत अर्धा रुतून पडला होता. त्यावर पाय देऊन ती आत आली. आम्ही विचारले, "हा दगड कसला गं?" ती म्हणाली, "पायरी आहे." आजी आतून म्हणाल्या, "जातं व्हय ते. तुह्या पणजीचं." मुलीने खाली वाकून पाहिले. मध्ये भोक होते, कडेला खुंट्याची खाच होती. दगडावरचे टाकीचे घाव झिजून गुळगुळीत झाले होते. जात्याला टाकी लावणारा पाथरवट गावात शेवटचा कधी आला, ते आजींनाही आठवत नव्हते. पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या दंडावरचा केवढा तरी भार उतरला. ते चांगलेच झाले. त्या कष्टांची हळहळ करणे म्हणजे ज्यांनी ते सोसले त्यांची थट्टा होईल. शिवारातही असाच पालट झाला आहे. जेथे ज्वारी डोले तेथे सोयाबीन आले. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून पेरणारी बाई आता क्वचित दिसते. ट्रॅक्टरने पेरणी होते. तालुक्याच्या शिवारातून समृद्धी महामार्ग गेला आहे. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, आणि ज्या अंतराला पूर्वी मुक्काम पडे ते आता एका दिवसात कापले जाते.

वस्तू गेली की तिच्यावर उभी असलेली प्रतिमा मुकी होते. जात्यात दाण्यांची मूठ टाकणे आणि चाड्यात बियाण्याची मूठ सोडणे, या दोन्ही हालचाली एकाच हाताच्या. एकीतून पेरणी, दुसरीतून पीठ. दोन्ही ज्या बाईने केल्या तिला ओवीतल्या 'मूठ' या एका शब्दात सबंध वर्ष दिसत असे. आज त्या नातीला तो शब्द ऐकू येईल, अर्थही शब्दकोशातून कळेल. आठवण मात्र येणार नाही. गाठ दिसेल, परंतु ती कशासाठी बांधली होती हे कुणास ठाऊक नसेल. लाख ओव्या छापून ठेवल्या तरी ही उणीव छपाईने भरून निघत नाही.

यावर उपाय काय? बाशोचे तळे आपण पाहिलेले नाही, तरी त्याची कविता आपल्यापर्यंत पोचते, कारण कोणीतरी ते तळे, तो ऋतू, तो संकेत आपल्याला समजावून देते. गाथासप्तशतीतील गावे दोन हजार वर्षांपूर्वीची; जोगळेकरांनी ती उलगडून दिली म्हणून कळली. जुन्या लघुकवितेला प्रत्येक पिढीत असा दुभाष्या लागतो. ओवीच्या बाबतीत तो दुभाष्या विद्यापीठात शोधायला नको. तो आपल्या घरात ओसरीवर बसलेला आहे, आणि त्याचे वय ऐंशीच्या पुढे आहे.

म्हणून धर्मग्रामांतील कुटुंबांना आमची एक विनंती आहे. आपली कुटुंबे वसईच्या वाड्यांत असोत, जालन्याच्या वा अमरावतीच्या बाजूची असोत, ज्यांनी जात्यापाशी बसून दळले अशा काही जणी आपल्यात अजून आहेत. त्यांच्यापैकी कोणाला ओव्या आठवत असतील, लग्नातली गाणी आठवत असतील, उखाणे आठवत असतील, तर ती लिहून घ्यावीत. ओळी उतरवल्यावर वही मिटू नये. त्यात आलेली वस्तू कोणती, ती कशाची करीत, घरात कोठे ठेवीत, कोणत्या महिन्यात वापरीत, हे शेजारी लिहावे. ते गाणे कोणाकडून आले आणि कोणाला उद्देशून म्हटले जाई, हेही विचारावे. सांगणारी हसून "तेवढं नको लिहू" म्हणाली, तर तिचा मान राखावा. आडोसा तिचा आहे. पण तिला विचारावे. विचारणाराच नसेल तर गाठ बांधणारीने ती सोडायची कोणासमोर?

निघण्यापूर्वी आम्ही आजींना विचारले, सकाळी पदराला गाठ कशासाठी बांधली होती? आजींनी पदर हातात घेतला. गाठ सुटलेली होती. "पोरीला जातं दाखवायचं होतं," त्या म्हणाल्या. "कवापासून म्हणत होते, दाखवीन, दाखवीन."

नात तेव्हा मागील दारी बसून त्या दगडाच्या मधल्या भोकात जमलेली माती काडीने कोरून काढीत होती.